म्हणेसाहेबांची फोए

कुवेतला नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा घेता घेता मी नवऱ्याला फोनवर सांगत होते, "अरे, आज फहाहीलच्या रस्त्याने येऊ नकोस, तिकडे मोठा अपघात झालाय." मागे पांढऱ्या दाढीचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले एक गृहस्थ उभे होते. माझं बोलणं संपेपर्यंत ते थांबले आणि मग सरळ रत्नागिरीकडच्या मराठीत म्हणाले, "अपघात तुम्ही पाहिलात?"

मी दचकलेच. या ऑफिसात आणखी कोणी मराठी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "बसच्या ड्रायव्हरने सांगितलं."

"मग 'झालाय म्हणे' असं म्हणा. इतका चांगला शब्द आहे आपल्याकडे, तो कशाला गंजत ठेवायचा?"

कप विसळून, पालथा घालून ते निघून गेले. मी नांदेडची, अनोळखी माणसाने बोलणं दुरुस्त केलेलं आम्हाला पटकन पचत नाही. दिवसभर मी धुसफुसत होते. संध्याकाळी कळलं की ते आमच्या प्रोजेक्टच्या सेफ्टी विभागाचे प्रमुख आहेत, दाभोळच्या खाडीकाठचे आहेत आणि ऑफिसातली दोन-चार मराठी माणसं त्यांना पाठीमागे 'म्हणेसाहेब' म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं. ते त्यांना आवडतही होतं, आणि हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या वाढदिवसाला कोणीतरी गमतीने केकवर तेच नाव लिहून आणलं, तेव्हा त्यांनी 'म्हणे'चा तुकडा स्वतः खाल्ला आणि 'साहेब' आम्हा सगळ्यांत वाटून टाकला.

पुढे असं निघालं की आम्ही दोघं एगैलालाच राहतो, एका गल्लीच्या अंतरावर. मग त्यांच्या गाडीतून माझं जाणं-येणं सुरू झालं, त्यांना मी 'चाचा' म्हणू लागले आणि ते मला 'पोरी' म्हणू लागले. त्यांच्या त्या वेडाचं मूळ मला कळलं ते या गाडीतच. मूळ होतं फार लांब, पापुआ न्यू गिनीमध्ये, कुटुबू नावाच्या एका डोंगरी तळ्याच्या काठावर. तरुणपणी चाचा तिथे तेलाच्या पाइपलाइनच्या कामावर होते. तळ्याकाठच्या लोकांची भाषा फोए. बोलणारी माणसं काही हजार, म्हणजे इथल्या जलीब अल शुयूख या कामगारांच्या दाट वस्तीच्या चार-दोन गल्ल्यांत मावतील इतकीच. या एवढ्याशा भाषेने चाचांना जे धरलं ते सोडलं नाही.

"फोएमध्ये ना पोरी, नुसतं 'तो आला' असं म्हणताच येत नाही," ते एका हाताने स्टिअरिंग धरून सांगत. "क्रियापदाला शेपूट लावावंच लागतं. मी त्या कामात स्वतः होतो, एक शेपूट. डोळ्यांनी पाहिलं, दुसरं. दिसलं नाही पण कानाला, नाकाला कळलं, तिसरं. विचार करून ताडलं, त्याचं वेगळं. आणि मागे उरलेली खूण पाहून ओळखलं, त्याचं आणखी वेगळं. शेपूट लावलं नाही तर वाक्य पुरं होत नाही. समोरचा वाट बघत बसतो."

"आणि चुकीचं लावलं तर?"

"तर तू खोटारडी."

मग ते मराठीतली यादी सुरू करत. आला म्हणे. आला वाटतं. आला असणार. आलेला दिसतोय. "बघ, सगळा माल आपल्या दुकानात आहे. फक्त आपण तो मागितल्याशिवाय काढत नाही. ते लोक न मागता देतात." हे सांगताना त्यांना इतका आनंद होई की मागून हॉर्न वाजत राहत आणि हिरवा सिग्नल पुन्हा लाल होई.

त्यांच्यासमोर 'पापुअन भाषा' म्हणायची मात्र सोय नव्हती. एकदा मी सहज म्हटलं, "तुमची ती पापुअन भाषा..." त्यांनी गाडी बाजूला घेतली. खरोखरच घेतली, फिंतासच्या वळणाजवळ, दिवे लुकलुकत ठेवून.

"पापुअन नावाची भाषा नाही. कुळही नाही," ते म्हणाले. "त्या बेटावर भाषा शेकड्यांनी. किनाऱ्यावरच्या काही भाषा होड्यांतून आल्या. आपल्या ऑफिसातली ती फिलिपिनो रिसेप्शनिस्ट आहे ना, तिच्या भाषेच्या त्या चुलत बहिणी. ज्या या होडीवाल्यांत बसत नाहीत, त्या सगळ्यांना मिळून पापुअन म्हणायचं. म्हणजे कसं, कुवेतमध्ये जो अरब नाही तो सगळा एकच, असं म्हटल्यासारखं. तुला चालेल?"

"नाही चालणार."

"मग?" आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली.

पण विषय निघालाच होता, तेव्हा फोएच्या खानदानाची कथाही त्याच फेरीत झाली. त्या बेटाच्या डोंगराळ भागातल्या कितीतरी भाषा एकाच मोठ्या कुळातल्या असाव्यात, असं भाषांच्या अभ्यासकांना वाटतं. सर्वनामं, थोडे जुने शब्द एवढ्यावरून त्यांनी ते कूळ जुळवत आणलंय. फोए त्यातलीच धरतात. तिच्या शेजारी फासू नावाची भाषा आहे. या दोघी आधी सख्ख्या बहिणी मानल्या गेल्या. नंतरचे अभ्यासक म्हणाले की पुरावा तेवढा भरत नाही. एकमेकींच्या ओट्यावर पिढ्यान् पिढ्या बसून त्या सारख्या दिसायला लागल्या असतील.

"मग बहिणी की शेजारणी?" मी विचारलं.

"ते मी पाहिलेलं नाही. वाचलेलं आहे," चाचा गंभीरपणे म्हणाले. आणि मग थोड्या वेळाने, "पण तुझी पोरगी माझ्या बायकोला आजी म्हणते. पुढे कोणी तपासायला आलं तर त्याचीही पंचाईत होणार."

त्यांच्या अशा वागण्याचा त्रास होत नसे असं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर काही दिवसांनी अफवा यायच्या. अमुक वयाच्या वरच्यांच्या इक़ाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, आता नूतनीकरण होणार नाही, बायकांची ड्रायव्हिंग लायसन्सं रद्द होणार, तमुक कंपनी बंद पडली. परक्या देशात कागदावर राहणाऱ्या माणसांना अशा एका ओळीने ताप चढतो. चाचा प्रत्येक निरोपाखाली एकच प्रश्न टाकत, "पाहिलंत की ऐकलंत?" सुरुवातीला लोक हसले, मग चिडले. एका सद्गृहस्थांनी मंडळाच्या सभेत मागणी केली की यांना ग्रुपमधून काढा. अध्यक्षबाईंनी विचारलं, "का काढायचं? ते त्रास देतात हे तुम्ही..." आणि पुढे बोलताच येईना त्यांना, सगळी सभाच हसायला लागली. चाचा ग्रुपवर राहिले. अफवा मात्र कमी झाल्या. आता हे त्यांच्यामुळे झालं की लोक कंटाळले म्हणून, ते मी ताडून सांगतेय.

कामावर ते कडक होते. उन्हाळ्यात यार्डात पाण्याचं पिंप भरलेलं नसलं तर मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, केबिनचं दार न वाजवता उघडत. आगीचा सराव असला की सगळी माणसं मोकळ्या जागेत उभी करून मोजायची असतात. ही मोजणी चाचा फोए पद्धतीने करत. डाव्या करंगळीपासून सुरुवात, मग बोटं, मनगट, कोपर, खांदा, मान, कान, डोळा करत नाकापर्यंत वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने तसंच उतरायचं. प्रत्येक जागा म्हणजे एक आकडा. भर उन्हात हेल्मेट घातलेला पांढऱ्या दाढीचा साहेब आपल्या कानाला, डोळ्याला हात लावतोय हे पाहून नवीन माणसांना वाटे, साहेबाला ऊन लागलं. जुनी माणसं मात्र सांगत, "चिंता मत करो, अभी नाक तक आए हैं।" त्यांची मोजणी चुकलेली मी पाहिली नाही.

फोए ते कसे शिकले, ते त्यांनी एका शुक्रवारी त्यांच्या घरी सांगितलं. चाची स्वयंपाकघरात होत्या. चाचा तळ्याकाठी एका म्हातारीच्या घराजवळ मुक्कामाला होते. ते लोक लांबलचक सामाईक घरांत राहतात, सागो नावाच्या ताडाचा साबुदाण्यासारखा गर खातात, आणि जमिनीतलं तेल सापडण्याच्या कितीतरी आधीपासून एका झाडातून तेल काढून डोंगरापलीकडच्यांना देत आलेत. "म्हणजे तेलाच्या धंद्यात ते आपल्याहून जुने," चाचा म्हणाले. त्या म्हातारीचा मुलगा लांब गावी गेला होता. कॅम्पच्या रेडिओवर निरोप आला की तो धावपट्टीवर पोचला. चाचांना भाषा थोडी थोडी यायला लागली होती. ते धावत गेले आणि म्हातारीला म्हणाले, "तुझा मुलगा आला."

"आणि शेपूट लावलं डोळ्यांनी पाहिल्याचं," चाचा म्हणाले. "मला तेवढं एकच येत होतं."

म्हातारीने चूल पेटवली. पानांत गुंडाळून मासे भाजायला ठेवले. शेजारपाजार जमा झाला. होडी येणार म्हणून सगळी माणसं पाण्याकडे तोंड करून बसली. मुलगा आला नाही. ऊन उतरलं, मासे थंड झाले, माणसं उठून गेली. चाचा तिथेच बसून होते, कारण उठावं कसं ते त्यांना कळेना. नक्की काय झालंय हेही कळेना. म्हातारीच्या डोळ्यांत त्यांनी पहिल्यांदा भीती पाहिली. या माणसाने मुलाला पाहिलं, आणि मुलगा इथे नाही, म्हणजे वाटेत त्याचं काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवशी मुलगा धडधाकट आला. धावपट्टीजवळच्या नातेवाइकांकडे तो मुक्कामाला राहिला होता. म्हातारी रागावली नाही. तिने चाचांना ओट्यावर बसवलं, त्यांचंच बोट धरून त्यांच्या डोळ्यावर ठेवलं आणि एक वाक्य म्हटलं. मग कानावर ठेवून तेच वाक्य, शेवट वेगळा. चुलीच्या धुराकडे नाक वर करायला लावलं, पुन्हा म्हटलं. फळीवर कोणाची तरी ओली पावलं उमटली होती, त्यांच्याकडे बोट नेऊन पुन्हा म्हटलं. चाचा म्हणेपर्यंत ती थांबे, चुकलं की हसे, बरोबर आलं की पुढे जाई.

"माझी आई मी लहान असताना गेली," चाचा म्हणाले. "बोलायला मला कोणी शिकवलं ते मना आठवत नाय. पण दुसऱ्यांदा बोलायला कोणी शिकवलं, ते मी पाहिलंय."

ते आपल्या गावच्या बोलीत सहसा घसरत नसत, तेव्हा घसरले. आतून चाचींनी भांडं आपटलं आणि म्हणाल्या, "आता ह्यांचा तो कुटुबूचा तला सुरू झाला. पोरी, खायला ये, सांदणा थंड होताहेत."

दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी मराठी मुलं जमत. माझी मुलगी त्यांतली एक. इथे वाढलेली मुलं मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. आम्ही आया दटावून थकलो होतो. चाचांनी पुस्तक, पाटी काही काढलं नाही. ते मुलांना दिवाणखान्यात बसवत आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेत.

"आजी काय करताहेत?" ते विचारत.

"फ्राइंग फिश," माझी मुलगी म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"नो. पण... स्मेल येतोय."

"मग असं म्हण: आजी मासे तळताहेत वाटतं."

"आजी मासे तळताहेत वाटतं."

"कुठला मासा?"

"झुबेदी." झुबेदी म्हणजे आपलं पापलेट, इथे सगळे तसंच म्हणतात.

"हे कशावरून?"

"मघाशी सिंकमध्ये झुबेदीची पिशवी होती."

"मग?"

मुलीने विचार केला. "झुबेदी असणार."

चाचांनी टाळी वाजवली. मुलांना हा खेळ चोर-पोलिसासारखा वाटे. घरी येऊन ती आमच्यावर उलटत. एका संध्याकाळी नांदेडहून माझ्या सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी नातीला विचारलं, "बाबा कुठाय गं?" माझी मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा मीटिंगमध्ये आहेत म्हणे." सासूबाई पलीकडून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नवरा घरी आल्यावर आठवडाभर त्या एका शब्दाचा खुलासा करत होता.

आता यार्डातली गोष्ट. चाचांची आठवण काढायची आणि ही सांगायची नाही, असं करता येणार नाही.

आमच्या पाइपांच्या यार्डात एकदा रचलेल्या पाइपांची थप्पी घसरली आणि एका बिहारी कामगाराचा पाय खाली सापडला. लोक धावत गेले तेव्हा थप्पीला लागून फोर्कलिफ्ट उभी होती आणि तिच्यावर एक तेलुगू ड्रायव्हर. फोर्कलिफ्टने थप्पीला धक्का दिला हे उघड होतं. दुपारपर्यंत सहा-सात जणांनी तसं सांगितलंही. ड्रायव्हर जलीबच्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहणारा, हिंदी जेमतेम, आणि घाबरला की तेवढीही विसरणारा. तो काहीतरी सांगू बघत होता, पण ते तेलुगूत होतं आणि ऐकायला कोणाला वेळ नव्हता. प्रोजेक्ट मॅनेजरने ठरवून टाकलं की याला काढायचं आणि परत पाठवायचं. सेफ्टी विभागाने फक्त होकार द्यायचा.

त्या दिवशी मी यार्डातल्या केबिनमध्ये कामाचं वेळापत्रक बदलत बसले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. चाचांनी एकेकाला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तूने क्या देखा?"

"साहब, फोर्कलिफ्ट ने ठोका।"

"ठोकते हुए देखा?"

"आवाज आई साहब, बहुत बड़ी।"

"आवाज कान की है। मैं आँख की पूछ रहा हूँ। आवाज आई तब तेरा मुँह किधर था?"

माणूस विचारात पडला. "गेट की तरफ।"

दुसरा जेवणाच्या शेडमध्ये होता. तिसऱ्याचं तोंड वेल्डिंगच्या काचेमागे होतं. एकजण ठामपणे म्हणाला की त्याने पाहिलं, आणि चाचांनी त्याला जिथे उभा होता तिथे नेऊन उभं केलं. तिथून मध्ये कंटेनर होता, थप्पी दिसतच नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. आवाज, मग धावणं, मग समोर फोर्कलिफ्ट. मधली जागा त्याच्या मनाने भरून काढली होती आणि त्याला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी आठवत होती.

चाचा बाहेर आले, हेल्मेट काढलं आणि मला म्हणाले, "पोरी, सगळ्यांनी ऐकलंय, सगळ्यांनी ताडलंय, खूणही सगळ्यांनी पाहिलीय. होताना कोणीच पाहिलेलं नाही."

"एकाने पाहिलं असणार," मी म्हटलं. "ज्याचा पाय अडकला त्याने."

हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवून ते गाडीकडे चालायला लागले, आणि मी त्यांच्या मागे.

हॉस्पिटलमध्ये तो माणूस शुद्धीवर होता, पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेला. त्याला अजून कोणीच काही विचारलं नव्हतं. चाचांनी आधी घरी फोन झाला का विचारलं, जेवला का विचारलं, आणि मग म्हणाले, "अब जो अपनी आँख से देखा वही बोल।"

"साहब, नीचे की लकड़ी निकल गई," तो म्हणाला. पाइप गोल असतात, घसरू नयेत म्हणून खाली लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या असतात, त्याबद्दल तो बोलत होता. "मैं देख रहा था, एकदम फिसल गई। फिर सब पाइप आया मेरे ऊपर।"

"और फोर्कलिफ्ट?"

"वह तो बाद में आई, साहब। वही तो आया मुझे निकालने। उसी ने पाइप उठाया, नहीं तो पाँव जाता।" आणि मग त्याने विचारलं, "वह लड़का कहाँ है? मिलने नहीं आया।"

चाचांनी त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

पण गोष्ट इथे मिटत नव्हती. पाचरी सुटल्या, म्हणजे पाचरी तपासायचं काम ज्यांचं होतं त्यांची चूक. ते काम सेफ्टी विभागाचं, आणि त्या आठवड्यातली तपासणी खुद्द चाचांच्या नावावर होती. प्रोजेक्ट मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून चाचांना सांगितलं, "रहने दीजिए। लड़के को नहीं निकालेंगे। लेकिन लकड़ी वाली बात मत उठाइए। आप ही फँसेंगे।"

चाचा म्हणाले, "थप्पी मैंने दूर से देखी थी। लकड़ी मैंने देखी नहीं थी, मान ली थी। जो मैं सबसे पूछता फिरता हूँ, वह उस दिन अपने से नहीं पूछा।"

ते त्यांनी तसंच वर कळवलं. त्यांना कडक समज मिळाली, आणि साऱ्या कंपनीच्या सेफ्टीचं जे वरचं पद त्यांच्याकडे यायचं होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. यार्डातल्या सगळ्या थप्प्या नव्याने रचल्या गेल्या, पाचरींऐवजी लोखंडी टेकू आले. मला वाईट वाटेल म्हणून गाडीत चाचाच माझी समजूत घालत होते. "वरच्या मजल्यावर खिडकी उघडत नाही, पोरी. मना नकोच होतं." नंतर म्हणाले, "म्हातारीने ऐकलं असतं तर हसली असती."

तो तेलुगू ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेला. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. त्यांनी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही, पण मी गेले तेव्हा ते दोघं एका मोबाइलवर क्रिकेट बघत होते आणि एकाच पिशवीतले शेंगदाणे खात होते.

चाचा निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता खाडीकाठचं घर, आंब्याची कलमं, मशिदीच्या ओट्यावरच्या गप्पा. चाचींचाही बेत तोच होता. सामान आवरायला मी गेले तर घरात अबोला. चाचांनी जाहीर केलं होतं की गावी जायच्या आधी एकदा तळ्याला जायचं. म्हातारी कधीच गेली होती. तिचा मुलगा आता स्वतः म्हातारा झाला होता आणि अधूनमधून फोन करत असे. त्याची नातवंडं आता घरातही तिथली सगळ्यांची बाजारभाषा, टोक पिसिन, बोलतात; फोए कळते, पण उत्तर बाजारभाषेत देतात, असं तो म्हणाला होता. हे ऐकल्यापासून चाचा अस्वस्थ होते.

"माझे गुडघे दुखताहेत आणि ह्यांना होडीत बसायचा हाय," चाची मला म्हणाल्या. "लग्नानंतर मना चिपळूणला ठेवून तिकडे जाऊन बसले होते. आता मना घेऊन जाणार म्हणतात. मी काय बोलू तिथल्या बायांशी?"

"तुम्ही काय बोलता चाची, तुम्ही ऐका," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून विचारलं की तिकडे थंडी असते का, आणि स्वेटर वेगळ्या पिशवीत भरून ठेवला.

ते गेले. मग बरेच दिवस काही नाही. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "म्हणेसाहेब पोचले का?" आणि खाली कोणी उत्तर देईना, कारण पाहिलेलं कोणीच नव्हतं आणि ऐकलेलंही.

मग एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. मी आणि मुलगी नाश्ता करत होतो. पडद्यावर आधी नुसतं आभाळ, मग पाणी, मग चाचींचा चेहरा. डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडत होता. त्या एका लांब घराच्या ओट्यावर बसल्या होत्या, बाजूला तीन-चार बायका चिकटून बसून मोबाइलमध्ये डोकावत होत्या. एकीने चाचींच्या बांगड्या हातात धरल्या होत्या.

"चाची, कसं आहे सगळं?" मी ओरडले.

"बरा हाय गं. पाऊस फार. मासे चांगले मिलतात." आणि शेजारच्या बाईकडे वळून त्या कोकणीत काहीतरी म्हणाल्या, त्या बाईने तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, आणि दोघी मान हलवून हसल्या.

"आणि चाचा? ते तर बोलून बोलून दमले असतील."

चाचींचा चेहरा जरा वेगळा झाला. त्यांनी आवाज खाली आणला.

"बोलतच नाय गं," त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासून गप्प. मी घाबरले आधी, बरा वाटत नाय काय म्हणून. तर नाय. सकाली जाऊन बसतात त्या मानसांच्यात, आणि नुसते ऐकतात. एवढी वर्षा माझा डोका खाल्ला ह्या भाषेने, आणि इथे आले तर एक शब्द नाय."

त्यांनी मोबाइल वळवला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाच-सहा म्हातारे पाण्याकडे पाय सोडून बसले होते. त्यांतला एक हातवारे करत काहीतरी सांगत होता, आणि काही पोरंसोरं मागे उभी राहून ऐकत होती. मध्ये चाचा. पाठीचा बाक तोच, दाढी तीच. त्यांनी डोळे मिटले होते. सांगणाऱ्याचा आवाज वर चढला, थांबला, आणि मग सगळे म्हातारे एकदम हसले. चाचाही त्यांच्याबरोबर हसले, एका क्षणाचाही उशीर न करता.

"हाक मारू?" चाचींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "ऐकू द्या त्यांना."